विमानाच्या टाकीत बसून ताशी १९८ मैल

१९५२ साली अमेरिकेतल्या युटा राज्यात, बॉनव्हिलच्या मिठाच्या मैदानावर एक गाडी धावली. तिला दारं नव्हती, बॉनेट नव्हतं, मडगार्ड नव्हते. चार उघडी चाकं आणि त्यांच्या मधोमध पत्र्याचं लांबट अंग, पुढून गोलसर आणि मागे निमुळतं होत गेलेलं. वरच्या भोकातून चालकाचं फक्त डोकं दिसत होतं. या गाडीने ताशी १९८ मैल, म्हणजे जवळजवळ ३१९ किलोमीटरचा वेग गाठला. आत होतं फोर्डच्या साध्या, रोजच्या वापरातल्या मोटारींत बसणारं व्ही-८ इंजिन, अर्थात भरपूर सुधारलेलं. आणि ते पत्र्याचं अंग म्हणजे लॉकहीड पी-३८ लाइटनिंग या लढाऊ विमानाच्या पंखाखाली लटकणारी इंधनाची जादा टाकी होती.

हॉट रॉड म्हटलं की आपल्याकडे बहुतेकांना लाल-पिवळ्या ज्वाळा रंगवलेली, पुढून इंजिन उघडं टाकलेली गाडी आठवते. तो रंगरंगोटीचा भाग खरा आहे, पण या गाड्या मुळात वेगासाठी जन्मल्या. जुनी, स्वस्तातली फोर्ड घ्यायची, बहुतेक वेळा १९३२ च्या आसपासची. मडगार्ड, बंपर, टप, जे जे धावायला लागत नाही ते काढून टाकायचं. इंजिनाचं बोअर वाढवायचं, जादा कार्ब्युरेटर बसवायचे आणि ती कॅलिफोर्नियाच्या मोहावी वाळवंटातल्या कोरड्या तलावांवर नेऊन पळवायची. हा छंद दुसऱ्या महायुद्धाच्या आधीपासून होता. तलावांवरच्या शर्यतींचे नियम ठरवणारी दक्षिण कॅलिफोर्नियाची संघटना, एससीटीए, १९३७ मध्येच स्थापन झाली होती. त्यामुळे युद्धाने हॉट रॉड जन्माला घातली असं म्हणता येत नाही. युद्धाने तिला साहित्य दिलं, कारागीर दिले आणि मुख्य म्हणजे विमान बांधणाऱ्याची नजर दिली. त्या नजरेला प्रत्येक तुकड्याने दोन प्रश्नांची उत्तरं द्यावी लागतात: तुझं वजन किती, आणि तू इथे कशाला?

हे नेमकं दक्षिण कॅलिफोर्नियातच का घडलं, ते नकाशा पाहिला की कळतं. लॉकहीड बरबँकमध्ये, डग्लस सांता मोनिकात, नॉर्थ अमेरिकन इंगलवूडमध्ये, नॉर्थरॉप हॉथॉर्नमध्ये, व्हल्टी डाउनीत. लॉस एंजेलिसच्या परिसरात विमानांचे कारखाने एकमेकांपासून तासाभराच्या आत होते. युद्धाच्या काळात हजारो माणसं, त्यात बायकाही मोठ्या संख्येने, इथे पत्रा कापायला, वाकवायला, रिव्हेट मारायला, नळ्या जोडायला शिकली. तितकीच तरुण मुलं हवाईदलाच्या तळांवर इंजिनं उघडत आणि बसवत होती. १९४५ मध्ये युद्ध संपलं. मुलं घरी परतली, खिशात थोडे पैसे आणि हातात कसब घेऊन. आणि त्यांच्या आसपास विमानांच्या भागांचे डोंगर उभे होते.

हे डोंगर किती मोठे होते याची कल्पना करणं अवघड आहे. अमेरिकेने युद्धकाळात सुमारे ३ लाख विमानं बांधली. शांतता आल्यावर त्यातली बहुतेक कुणालाच नको होती. ॲरिझोनातल्या किंगमनसारख्या ठिकाणी हजारो विमानं रांगेत उभी करून मोडीत काढली गेली, अ‍ॅल्युमिनियम वितळवून त्याच्या लाद्या केल्या गेल्या. सुटे भाग सरकारी विक्रीतून भंगारवाल्यांकडे आणि तिथून कुणाच्याही हातात. खुर्च्या, पट्टे, मापनयंत्रं, नळ्या, बोल्ट, टाक्या. सैन्याने अत्यंत कडक तपासणी करून घेतलेला माल किलोच्या भावाने मिळत होता.

अशी विमानं आपल्याकडेही मागे राहिली होती, आणि त्यांचं पुढे काय झालं हे सांगितल्याशिवाय राहवत नाही. कानपूरला अमेरिकन बनावटीची बी-२४ लिबरेटर बॉम्बर विमानं मोडतोड करून टाकून दिलेली होती. बंगळूरच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टने त्यातली चाळीसच्या आसपास विमानं पुन्हा उडती केली आणि भारतीय हवाईदलाने ती १९६८ पर्यंत वापरली. हा कारखाना १९४० मध्ये सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी उभा केलेला. ज्या देशाला विमानांचीच गरज होती त्याने भंगारातून विमानं काढली. ज्या देशाला विमानं नकोशी झाली होती तिथल्या पोरांनी त्याच भंगारातून मोटारी काढल्या.

आता त्या टाकीकडे वळू, कारण विमान आणि हॉट रॉड यांचं नातं समजून घ्यायला याहून चांगलं उदाहरण नाही.

१९४३ मध्ये अमेरिकेची बॉम्बर विमानं इंग्लंडमधून जर्मनीवर जात, तेव्हा त्यांच्या सोबतीची लढाऊ विमानं अर्ध्या वाटेवरून परत फिरत. त्यांच्या पोटात तेवढंच इंधन मावायचं. पुढे बॉम्बर एकटे. १४ ऑक्टोबर १९४३ ला श्वाइनफुर्टवरच्या एकाच हल्ल्यात ६० बी-१७ विमानं परत आली नाहीत. यावरच्या उपायाचा मोठा भाग म्हणजे विमानाच्या पंखांखाली लटकवलेल्या जादा टाक्या. जाताना आधी त्यांतलं इंधन वापरायचं आणि शत्रू दिसला की टाक्या टाकून हलकं व्हायचं. अशा टाक्या घेऊन पी-५१ मस्टँग मार्च १९४४ मध्ये बर्लिनच्या आकाशापर्यंत पोहोचली. प्रशांत महासागरात तर अंतरं त्याहून लांब होती, म्हणून तिथे टाक्याही मोठ्या. १६५ गॅलनची, म्हणजे सव्वासहाशे लिटरची टाकी नेहमीची. पी-३८ साठी तर ३०० गॅलनहून मोठी.

अशी टाकी बनवणाऱ्यासमोर एक पेच असतो. ती ताशी दोनशे-तीनशे मैलांनी तासन् तास हवेतून ओढत न्यायची आहे. तिचा आकार बेढब असला तर हवा तिला मागे खेचणार, इंजिनाला जास्त जोर लावावा लागणार, आणि जे इंधन वाचवायला टाकी लावली तेच ती खाऊन टाकणार. म्हणून तिचा आकार वायुगतीच्या जाणकारांनी विचारपूर्वक ठरवलेला. पण ती टाकून द्यायची वस्तू, म्हणून बांधणी स्वस्त: पातळ पत्र्याचे दोन अर्धे भाग साच्यात दाबून काढायचे आणि कडेने जोडायचे. उत्तम आकार आणि कवडीमोल किंमत एकाच वस्तूत सहसा सापडत नाहीत. इथे सापडल्या.

हे पहिल्यांदा ज्याच्या डोक्यात आलं तो बिल बर्क. तलावांवर गाड्या पळवणारा हा गडी युद्धात पॅसिफिकमध्ये होता आणि तिथे त्याने या टाक्या पाहिल्या. इतरांना त्यात इंधन दिसत होतं, त्याला गाडी दिसली. १९४६ मध्ये त्याने मस्टँगच्या १६५ गॅलनच्या टाकीत फोर्डचं इंजिन आणि सांगाडा बसवला आणि ताशी १३० मैलांच्या पुढे गेला. ती टाकी अरुंद होती, माणूस आणि इंजिन दोन्ही तिच्यात नीट मावत नव्हते. पुढच्या गाडीसाठी त्याने पी-३८ ची मोठी टाकी घेतली. चालक पुढे, इंजिन त्याच्या पाठीमागे, आणि जवळजवळ सगळं आत. हीच मांडणी पुढे सगळ्यांनी उचलली. उघड्या चाकांच्या या गाड्यांना लेकस्टर म्हणू लागले, आणि टाकीवाल्यांना बेली टँक, म्हणजे पोटाखालची टाकी.

आकाराने एवढा फरक का पडतो? हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. वेग दुप्पट केला तर विरोध चौपट. पण दुप्पट वेगात तेच अंतर निम्म्या वेळात कापायचं असतं, म्हणून विरोधावर मात करायला लागणारी ताकद आठपट होते. म्हणजे ताशी १३० मैलांवरून १९८ वर जायचं असेल आणि गाडीचा आकार तोच ठेवला, तर फक्त हवेसाठी साडेतीनपट ताकद हवी. फोर्डच्या त्या काळच्या व्ही-८ मधून पिळून पिळून किती काढणार? एका मर्यादेनंतर पिस्टन फुटतात, ब्लॉकला तडे जातात. दुसरा रस्ता एकच: हवेला कमी त्रास द्यायचा.

त्यात दोन गोष्टी येतात. समोरून पाहिलं तर गाडी किती जागा अडवते ही पहिली. सपाट काचेची, उघडी रोडस्टर समोरून रुंद आणि उंच. टाकीत माणूस जवळजवळ आडवा, म्हणून अडवलेली जागा अगदी थोडी. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आणि सहज न सुचणारी. आपल्याला वाटतं, पुढचं टोक भाल्यासारखं हवं. खरं तर हवा पुढच्या गोलव्यावरून तशी सुखाने सरकते. भांडण होतं मागे. मागची बाजू एकदम कापलेली असली तर हवेला वळून एकत्र यायला वेळ मिळत नाही. तिथे भोवरे उठतात, दाब कमी होतो, आणि तो कमी दाब गाडीला मागे ओढत राहतो. मागचं अंग हळूहळू निमुळतं केलं की हवा अंगाला चिकटून येते आणि शांतपणे मिळते. समोरून तेवढीच जागा अडवणारी सपाट चकती आणि असं निमुळतं अंग यांची तुलना केली तर चकतीचा विरोध वीसपटीहून जास्त भरतो. टाकीचं पुढून गोल आणि मागून लांब शेपूट असण्याचं कारण हे.

सुरुवातीला सांगितलेली १९५२ ची गाडी सो-कॅल स्पीड शॉप या दुकानाची होती. तिचा सर्वांत बोलका आकडा मला १९८ वाटत नाही. तीच टाकी तिच्या मालकांनी वेगवेगळ्या आकाराची इंजिनं घालून वेगवेगळ्या गटांत पळवली. त्यात सगळ्यात छोटं इंजिन होतं फोर्डचं व्ही-८ ६०. मूळ ताकद नावाप्रमाणे ६० अश्वशक्ती, लहान गाड्यांसाठी बनवलेलं. सुधारणा करूनही ते बिचारं लहानच. त्या इंजिनावर ही टाकी ताशी १४५ मैलांनी गेली, म्हणजे २३३ किलोमीटर. आकार बरोबर असला की इंजिनाची कमतरता किती भरून निघते, हे यात दिसतं.

बांधणीही समजून घेण्यासारखी आहे. टाकी कडेच्या जोडावर उघडायची. खालच्या अर्ध्यात पोलादी चॅसी बसवायची, वरचा अर्धा झाकण म्हणून ठेवायचा. ॲक्सल बाहेर काढायला बाजूला भोकं. आता अडचण अशी की रेडिएटर लावला तर हवेसाठी तोंड उघडावं लागणार आणि आकार बिघडणार. पण या गाड्या एका फेरीत काही मिनिटंच धावतात. मग रेडिएटर हवाच कशाला? आत पाण्याची एक टाकी ठेवायची, इंजिन त्यातलं पाणी फिरवत राहील, ते तापेपर्यंत फेरी संपलेली असेल. नेहमीच्या मोटारीतली एक आवश्यक वस्तू काढून टाकायचं हे धाडस मला विमानाच्या विचारसरणीतलं वाटतं. काम किती वेळाचं आहे ते आधी ठरवायचं आणि तेवढंच सामान सोबत घ्यायचं.

टाकीने सगळे प्रश्न सोडवले नाहीत. विमानाखाली चारी बाजूंनी मोकळी हवा असते, इथे खाली लगेच जमीन. आणि उघडी चाकं तर फार महाग पडतात, कारण फिरत्या चाकाचा वरचा भाग गाडीच्या दुप्पट वेगाने पुढे जात असतो. गाडी २०० वर असेल तर टायरचा माथा ४०० ने हवा कापतो. म्हणून ज्यांना आणखी पुढे जायचं होतं त्यांनी चाकंही झाकली. सो-कॅल स्पीड शॉपचा मालक अलेक्स झायडियस आणि त्याचा साथीदार डीन बॅचलर यांनी अशी पूर्ण झाकलेली गाडी १९४९ मध्ये बॉनव्हिलच्या पहिल्यावहिल्या स्पीड वीकला नेली आणि पुढच्या वर्षी ती २१० मैलांवर पोहोचवली. झायडियसने युद्धात हवाईदलात काम केलं होतं आणि १९४६ मध्ये सैन्यातून सुटताच बरबँकमध्ये दुकान टाकलं होतं. पी-३८ बनवणारा लॉकहीडचा कारखानाही बरबँकचाच. बॅचलर बी-१७ बॉम्बरवर होता. विमान पडल्यावर जर्मनांच्या कैदेत राहून परतलेला. गाडीचा आकार ठरवताना मात्र त्याच्या डोळ्यांसमोर विमानापेक्षा युद्धाआधीच्या जर्मन ऑटो युनियनच्या विक्रमी मोटारी होत्या. ज्यांच्याशी लढला त्यांच्याकडून चांगलं ते घ्यायला त्याला संकोच वाटला नाही.

टाक्या म्हणजे या नात्याचा सगळ्यात दिसणारा भाग. त्याहून खोलवर गेलं ते बारीकसारीक सामान आणि ते वापरायची शिस्त.

पारंपरिक हॉट रॉडमध्ये डोकावलं तर भोकं पाडलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या खुर्च्या दिसतात. त्यांना बॉम्बर सीट म्हणतात. विमानात वजन म्हणजे कमी बॉम्ब किंवा कमी इंधन, म्हणून खुर्चीसुद्धा पातळ पत्र्याची. अनेक विमानांत पायलट पॅराशूटच्या गाठोड्यावरच बसायचा, म्हणून खुर्चीची बैठक खोल खड्ड्यासारखी. गाडीत पॅराशूट नाही, त्याजागी गादी टाकली की झालं, आणि खोल बैठकीमुळे माणूस आणखी खाली बसतो. समोरून अडवलेली जागा पुन्हा कमी! सोबत विमानातले कमरेचे पट्टेही आले, आणि ते त्या काळच्या साध्या मोटारीत नसायचेच.

भोकांबद्दल एक गैरसमज आहे. भोक पाडलं की पत्रा कमजोर होतो असं वाटतं. काही प्रमाणात ते खरंही आहे. पण पट्टी वाकताना ताण मुख्यतः तिच्या वरच्या आणि खालच्या कडेवर येतो, मधला भाग बराचसा निवांत असतो. तिथला धातू काढला तर वजन जातं, ताकद फारशी जात नाही. विमानवाले याच्याही पुढे गेले. भोकाची कड साच्यात दाबून ते थोडी बाहेर वळवतात. आपलं जेवणाचं स्टीलचं ताट पाहा: मधला पत्रा दाबला तर लवतो, पण उभ्या काठामुळे ताट हातात वाकत नाही. वळलेली कड प्रत्येक भोकाभोवती असाच काठ उभा करते. त्यामुळे भोकं पाडलेला पत्रा मूळ सपाट पत्र्यापेक्षा हलका तर होतोच, शिवाय पिळायला आणि लवायला जास्त कठीणही होऊ शकतो. विमानाच्या पंखातल्या फासळ्यांवर आणि जुन्या हॉट रॉडच्या ब्रॅकेटवर (भाग धरून ठेवणाऱ्या पट्ट्यांवर), पेडलवर, खुर्च्यांवर हीच भोकं दिसतात. कारण दोन्हीकडे एकच.

आणखी एक वस्तू, जी दिसायला क्षुल्लक पण माझ्या मते टाकीइतकीच मोलाची: नळ्यांचे जोड. मोटारीत तेव्हा रबरी नळी आणि वर आवळपट्टी असा सरळ कारभार असे. ती थरथरीने सैल व्हायची, तेल गळायचं. विमानात तेल किंवा इंधन गळलं तर आग, आणि आगीतून उतरायला जागा नाही. म्हणून अमेरिकेच्या लष्कराने आणि नौदलाने मिळून जोडांचं एकच प्रमाण ठरवलं, ज्याला आजही एएन म्हणतात. धातूची नळी टोकाला ३७ अंशांनी फुलवायची, तिच्या आत तेवढ्याच कोनाचा शंकू, वरून नट. धातूवर धातू घट्ट बसतो, वॉशर लागत नाही, आणि शंभरदा उघडून बसवता येतो. मापही सोपं: आकडा म्हणजे नळीचा बाहेरचा व्यास इंचाच्या सोळाव्या भागांत. एएन ६ म्हणजे ६/१६, अर्थात ३/८ इंच. मोटारींच्या धंद्यात ४५ अंशांचा जोड चालायचा आणि तो याला मिळतो असं वाटून कुणी दोन्ही एकत्र केले की गळती ठरलेली. भंगारातून आलेले हे जोड हॉट रॉडवाल्यांनी इतके आपलेसे केले की आज जगातल्या अनेक शर्यतीच्या गाड्यांत तेच असतात.

तसंच बॉनेट आणि खालचा पत्रा लावायचं साधन. युक्रेनमधून अमेरिकेत गेलेल्या विल्यम झूस याने काढलेला पेच पाव वळसा फिरवला की तारेच्या स्प्रिंगमध्ये अडकतो, उलटा पाव वळसा दिला की सुटतो. विमानाचं इंजिन झाकणारे पत्रे झटपट काढता यावेत म्हणून तो विमानांत गेला. त्याचा एक गुण फार हुशारीचा. पेच बसला की माथ्यावरची खाच ठरलेल्या दिशेला येते, म्हणजे दुरून एक नजर टाकली तरी कुठला पेच उघडा राहिलाय ते कळतं. बोल्टच्या माथ्यातून तार ओवून ती पिळणं हीदेखील विमानतळावरची सवय. तार अशा बाजूने ओढायची की बोल्ट सैल व्हायला लागला तर तारच त्याला परत आवळेल. माणसाच्या स्मरणशक्तीवर भरवसा न ठेवता वस्तूलाच राखणीला बसवायचं, ही शिस्त गॅरेजात आली ती विमानांच्या मिस्त्रींबरोबर.

वेल्डिंगचीही कथा याच भागातली. १९४१ मध्ये नॉर्थरॉपच्या हॉथॉर्नमधल्या कारखान्यात मॅग्नेशियमचं विमान बांधायचं चाललं होतं. मॅग्नेशियम तापलं की पेटतं, साध्या वेल्डिंगला दाद देत नाही. तिथल्या रसेल मेरेडिथने टंगस्टनच्या टोकातून ठिणगी काढून भोवती हेलियम वायूचा पडदा धरायची पद्धत बसवली. वायू हवेला जोडापासून दूर ठेवतो, म्हणून धातू जळत नाही. तिला तेव्हा हेलिआर्क म्हणत, आज आपल्या वर्कशॉपमध्ये टिग म्हणतात, आणि हेलियमऐवजी बहुधा आरगॉन वापरतात. अ‍ॅल्युमिनियमच्या टाक्या आणि विमानाच्या सांगाड्यातल्या क्रोमोली पोलादाच्या पातळ नळ्या स्वच्छ जोडायला ही पद्धत नामी. पुढे शर्यतीच्या गाड्यांच्या सांगाड्यांना क्रोमोलीने व्यापून टाकलं.

जागासुद्धा विमानांनीच दिली, आणि एक हिरावूनही घेतली. युद्धाआधी शर्यतींचं सर्वांत आवडतं ठिकाण म्युरॉकचा कोरडा तलाव होतं. ते हवाईदलाने ताब्यात घेतलं. १४ ऑक्टोबर १९४७ ला चक येगरने त्याच परिसराच्या आकाशात ध्वनीचा वेग ओलांडला, आणि पुढे त्या तळाचं नाव एडवर्ड्स झालं. गाड्यांना मग एल मिराज तलावावर जावं लागलं. पण दुसरीकडे देशभर युद्धकाळातल्या धावपट्ट्या रिकाम्या पडल्या होत्या. सपाट, सरळ, रुंद, काँक्रीटच्या. पाव मैलाच्या शर्यतीला, म्हणजे ४०२ मीटरला, याहून काय हवं? १९५० मध्ये सांता ॲनाच्या विमानतळावर तिकीट लावून ड्रॅग शर्यती सुरू झाल्या. वॉली पार्क्सच्या एनएचआरए या ड्रॅग शर्यतींच्या संघटनेने आपली पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९५५ मध्ये कॅन्सस राज्यातल्या ग्रेट बेंडला भरवली, ती बी-२९ बॉम्बरच्या प्रशिक्षणाच्या जुन्या तळावर. रस्त्यावर बेकायदा शर्यती लावणाऱ्या पोरांना मोकळी आणि त्यामानाने सुरक्षित जागा मिळाली. अनेक जीव त्यामुळे वाचले असतील असं मला मनापासून वाटतं.

रंगाबद्दल थोडक्यात. बॉम्बरच्या नाकावर चित्रं आणि नावं रंगवायची चाल होती, पी-४० या लढाऊ विमानाच्या तोंडावर शार्कचा जबडा असायचा. हा जबडा चीनमध्ये लढलेल्या फ्लाइंग टायगर्स या अमेरिकन तुकडीमुळे गाजला तरी त्यांनी तो ब्रिटिशांच्या ११२ नंबरच्या स्क्वाड्रनवरून घेतला होता, आणि ब्रिटिशांना तो जर्मन विमानांवर दिसला होता. बेली टँकचा पुढचा गोल भाग पाहिला की चित्रकाराला तिथे दात काढावेसे वाटणारच, आणि ते काढलेही गेले. घासून चकचकीत ठेवलेला उघडा अ‍ॅल्युमिनियम आणि रिव्हेटच्या रांगा हाही विमानाचाच वारसा.

मात्र सगळंच श्रेय विमानांना देणं बरोबर नाही. हॉट रॉडच्या इंजिनावर दिसणारा तो मोठा सुपरचार्जर, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारा पंप, विमानाचा असावा असं अनेकजण धरून चालतात. तो आला जनरल मोटर्सच्या डिझेल इंजिनातून. ७१ या आकड्याने ओळखली जाणारी ही इंजिनं ट्रकमध्ये आणि सैनिकांना किनाऱ्यावर उतरवणाऱ्या बोटींमध्ये होती. आकडा प्रत्येक सिलिंडरच्या घन इंचांचा. या दोन-स्ट्रोक डिझेलला हवा आत ढकलायला पंप लागतोच. बार्नी नव्हॅरोने त्यातला लहान ३-७१ पंप फोर्डच्या व्ही-८ वर चढवला आणि पुढे मोठे ६-७१ सर्रास झाले. तोही युद्धाच्या भंगारातलाच, पण आकाशातला नव्हे. उलट ज्यांनी खरोखर विमानाचं इंजिन गाडीत घातलं, ते हॉट रॉडच्या मापात मावलेच नाहीत. ओहायोचा आर्ट आर्फन्स २८ लिटरचं ॲलिसन व्ही-१२ घेऊन ड्रॅग शर्यतींत उतरला. पुढे त्याने लढाऊ विमानाचं खराब झालेलं जे-७९ जेट इंजिन भंगारातून घेऊन स्वतः दुरुस्त केलं आणि १९६५ मध्ये बॉनव्हिलवर ताशी ५७६ मैल गाठले.

आज अस्सल टाक्या दुर्मीळ आहेत, म्हणून फायबरग्लासच्या नकला मिळतात. बॉम्बर सीटही नव्याने बनवून विकल्या जातात. त्यात वाईट काही नाही. पण काही गाड्यांवर काहीही न जोडणारे, नुसते चिकटवलेले रिव्हेट दिसतात, आणि जाड पोलादाच्या ब्रॅकेटला शोभेपुरती चार भोकं पाडून तो होता तितकाच जड ठेवलेला असतो. मला ते खटकतं. ज्या माणसांनी रेडिएटरसुद्धा नको म्हणून काढून टाकला, त्यांच्या नावाने वजन वाढवायचं कसं? याउलट कुणी आजचा स्वस्त भंगार माल घेऊन त्याच्या आकाराचा आणि वजनाचा हिशेब मांडत असेल, तर त्याच्या गाडीत पी-३८ चा एकही तुकडा नसला तरी ती मला परंपरेतली वाटते.

लेकस्टर हा गट एससीटीएच्या नियमांत अजूनही आहे. अंग हवं तेवढं निमुळतं करा, पण चाकं झाकायची नाहीत. झाकली की गाडी स्ट्रीमलायनरच्या गटात जाते. टाकी खऱ्या विमानाचीच हवी अशी अट नाही. त्यामुळे आजचे बरेचसे लेकस्टर हाताने घडवलेल्या अंगाचे असतात, टाकीपेक्षा लांब आणि सडपातळ, आणि त्यातले काही बॉनव्हिलवर ताशी ३०० मैलांच्या पुढे गेले आहेत.